टपावरची पेटी



या वेळचा विषय वाचून काही मंडळी हसतील. मोटारीच्या टपावर बसवायची सामानाची पेटी! म्हणतील, यांना आता दुसरे काही सुचेनासे झाले. पण वाचकहो, या पेटीवरून आमच्या घरात तीन आठवडे वादावादी चालली होती. सौ. दोन दिवस जेवताना बोलली नाही. म्हणून म्हटले, जे आम्ही शिकलो ते आपल्या पानावर लिहून ठेवावे. सुट्टीच्या दिवसांत मुले-नातवंडे "चला, सगळे मिळून जाऊ" म्हणतात, तेव्हा कोणाला तरी उपयोग होईल.

त्याचे असे झाले. आमच्या थोरल्याने सात जणांची मोठी गाडी घेतली. सुक्कोथच्या सुट्टीत डिमोनाहून एलातला जायचे ठरले. तो, सूनबाई, तीन मुले आणि आम्ही उभयता, मिळून बरोबर सात. सगळ्यांना आनंद झाला. पण गाडीची मागची, तिसरी रांग उघडल्यावर कळले की तिच्यामागे सामानाला जागा उरते ती जेमतेम दोन पिशव्यांची. सात माणसे बसली की सामान बाहेर, आणि सामान ठेवले की दोन माणसे बाहेर!

आता ती दोन माणसे कोणती, हे कोणी तोंडाने बोलले नाही. पण आम्ही काय एवढे खुळे नाही. आम्हीच म्हटले, "तुम्ही पोरं जा रे. आम्ही राहतो घरी. आजीला चालायला त्रास होतो, वॉकर न्यावा लागतो, कशाला खोळंबा?" सौ. काही बोलली नाही, आत जाऊन भांडी घासत बसली. घासलेलीच भांडी पुन्हा घासत होती.

तेव्हा आमची धाकटी नात, सहा वर्षांची, म्हणाली, "आजी नाही तर मी पण नाही." (नातवंडे आम्हाला सबा म्हणतात, पण आजीला मात्र आजीच. 'सवता' म्हणून हाक मारलेली तिला चालत नाही. म्हणते, "मी कोणाची सवत नाही!") झाले, मामला तिथेच मिटला. माणसे सगळी आत बसणार आणि सामान टपावर जाणार, असा निकाल लागला.

टप म्हटला की आमच्या पिढीला एस.टी. आठवते. १९४८ साली पुणे-अहमदनगर अशी पहिली एस.टी. धावली. पुढे आम्ही मुंबईहून गावी जायचो ते भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला, आणि तिथून एस.टी.ने अलिबागकडे. ट्रंका, वळकट्या, परतताना फणस आणि नारळाची पोती, सगळे टपावर. हमाल मागच्या शिडीने डोक्यावर ट्रंक घेऊन सरसर चढायचा. कोणी वजन विचारले नाही, कोणी काही मोजले नाही. म्हणून आम्ही थोरल्याला म्हटले, "अरे, एक कॅरिअर लाव, वर ताडपत्री टाक आणि सुंभाने आवळ. झालं काम!"

तो म्हणाला, "पपा, ती बस होती. तिचा टप त्याच कामासाठी बांधलेला. आणि ती धावत होती किती वेगाने?" हे बोलणे आम्हाला त्या वेळी लागले, पण त्यात तथ्य होते.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या एका गृहस्थांनी आपली जुनी पेटी फुकट देऊ केली. फुकट ते पौष्टिक! आम्ही लगेच हो म्हणून आलो. थोरल्याने येऊन पाहिले. पेटी बरीच वर्षे उन्हात पडलेली होती. काळे प्लास्टिक पांढुरके झालेले, बिजागरीजवळ केसासारखी चीर, आणि किल्ली हरवलेली. त्याने कडेला अंगठ्याने दाबले तर कट् असा आवाज झाला. आपल्याकडच्या उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होते. वाऱ्याच्या जोरात अशा पेटीचे झाकण उडाले तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचे काय होईल? आम्ही शेजाऱ्यांचे आभार मानले आणि पेटी परत केली. सौ.ला मात्र वाटले की आता बेत बारगळणार. तीच ती दोन दिवसांची अबोल्याची गोष्ट.

मग नवी घ्यायची ठरली. आता ती कशी निवडावी, हे क्रमाने सांगतो.

सगळ्यात आधी गाडीचे पुस्तक उघडावे, दुकानात नंतर जावे. पुस्तक हिब्रूत. मधला नातू वाचत होता आणि आम्ही मराठी शब्द पुरवत होतो. त्याला 'गग' ठाऊक होता, 'टप' ठाऊक नव्हता. आता दोन्ही ठाऊक आहेत. प्रत्येक गाडीच्या पुस्तकात टपावर जास्तीत जास्त किती वजन चालेल ते दिलेले असते. पुष्कळ गाड्यांना ७५ किलो, काहींना १०० किलो. आमच्या गाडीला ७५. आम्हाला वाटले, वा! ७५ किलो सामान! पण तसे नाही. त्या ७५ मध्ये आडव्या दांड्या आणि पेटीचे स्वतःचे वजनही धरायचे. दांड्या ६ किलो, पेटी १९ किलो. म्हणजे उरले ५०. शिवाय पेटीवरही तिची स्वतःची मर्यादा छापलेली असते. गाडीची, दांड्यांची आणि पेटीची, या तीन आकड्यांत जी मर्यादा आधी संपेल ती आपली.

आणखी एक आकडा सहसा कोणी पाहत नाही. सगळी माणसे आणि सामान धरून गाडी एकूण किती वजन वाहू शकते, तो. सात माणसे बसली की त्यातला मोठा भाग आधीच खर्च होतो. आमच्या सातांचे मिळून सुमारे ३८० किलो भरले. (कोणाचे किती, ते लिहू नये अशी सौ.ची ताकीद आहे.)

दुसरी गोष्ट दांड्यांची. पेटी थेट टपावर बसत नाही, दोन आडव्या दांड्यांवर बसते. काही गाड्यांना टपाच्या कडेने उचललेले रूळ असतात, त्यांच्याखालून बोट जाते. काहींचे रूळ टपाला चिकटलेले, आणि काहींना रूळच नसतात. प्रत्येकाला दांड्यांचे पाय निराळे लागतात. म्हणून दुकानात गाडीचे नाव, वर्ष आणि टपाचा प्रकार तिन्ही सांगावे. गाडीचा फोटो काढून नेला तर उत्तम. दोन दांड्यांमध्ये किती अंतर हवे, तेही पेटीच्या कागदात दिलेले असते.

तिसरी गोष्ट मापाची. पेट्या साधारण ३०० लिटरपासून ६०० लिटरपर्यंत मिळतात. लांब आणि अरुंद पेटी बर्फावरच्या घसरपट्ट्या नेणाऱ्यांसाठी बरी. आपण काही दरवर्षी हेर्मोनवर घसरायला जात नाही! आपल्या पिशव्यांना आखूड आणि रुंद पेटी सोयीची. घेण्यापूर्वी गाडीचे मागचे दार पूर्ण वर उघडून पाहावे. पेटी फार मागे आली तर दार तिच्यावर आपटते, आणि मग मागून वॉकर कसा काढणार? आम्ही मोजपट्टी घेऊन दाराची टोकाची जागा खडूने टपावर आखली. त्याच हिशोबाने ४०० लिटरच्या आसपासची पेटी पसंत केली.

चौथी गोष्ट, पेटी कोणत्या बाजूने उघडते. इथे गाड्या उजवीकडून चालतात, म्हणजे पदपथ उजव्या हाताला. तेव्हा निदान उजवीकडून तरी पेटी उघडलीच पाहिजे, नाहीतर सामान काढणारा भर रस्त्यात उभा. भारतात याच्या उलट, डावीकडून उघडावी लागेल. दोन्ही बाजूंनी उघडणारी थोडी महाग पडते, पण आम्ही तीच घेतली. सूनबाईची उंची बेताची. तिला दोन्हीकडून हात पोहोचला पाहिजे.

पाचवी गोष्ट कुलपाची. चांगल्या पेटीचे कुलूप असे असते की सगळे खटके नीट बसल्याशिवाय किल्ली बाहेरच येत नाही. किल्ली अडकली म्हणजे समजावे, कुठे तरी पिशवीचा बंद झाकणात सापडला आहे. हा विसराळू माणसावर फार मोठा उपकार आहे. टपावरच्या दांड्या-पेट्यांसाठी आय.एस.ओ. ११५५४ नव्हे, १११५४ या क्रमांकाचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. (नातवाने आमची चूक पकडली म्हणून दोन्ही आकडे राहू दिले!) पेटीच्या कागदावर हा क्रमांक आहे का ते पाहावे. या धंद्यात थूले ही स्वीडनची कंपनी जुनी. १९४२ साली सुरू झाली तेव्हा ती मासे पकडायचे सापळे करीत असे. १९६२ साली तिने मोटारीच्या टपावरचा पहिला कॅरिअर काढला. मासे पकडणारे टपावर चढले, असे आम्ही धाकटीला सांगितले. तिला ते फार आवडले.

काही वाचक विचारतील, कापडी पिशवी का नको? टपावर बांधायची जाड कापडाची पिशवी मिळते. ती स्वस्त असते आणि घडी घालून कपाटात राहते. वर्षातून एकदाच जाणाऱ्याला ती पुरे. पण तिला कुलूप नीट लागत नाही, पट्टे वाऱ्याने फडफडतात, आणि अरावातली बारीक धूळ चेनमधून आत शिरते. आमचा प्रवास वाळवंटातला, म्हणून आम्ही टणक पेटी घेतली. गाडीच्या मागे आकड्यावर बसवायची पेटीही असते. ती वाऱ्याला कमी अडते, पण तिला आकडा बसवून घ्यावा लागतो.

आता खर्चाचे बोलू. पेटीची किंमत दुकानात एकदा द्यायची, पण पेट्रोलची किंमत रोज. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने दिलेल्या आकड्यांप्रमाणे मोठ्या, बोथट तोंडाच्या टपावरच्या पेटीने इंधनाची बचत शहरात २ ते ८ टक्के घटते, हमरस्त्यावर ६ ते १७ टक्के, आणि ताशी १०५ ते १२० किलोमीटरच्या वेगात १० ते २५ टक्के. मागे बसवायच्या पेटीने हमरस्त्यावरही १ ते ५ टक्केच. याचे कारण वारा. वेग वाढला की वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० ऐवजी ११० ने गेलो तर वारा जवळजवळ दुप्पट ढकलतो. म्हणून पुढे निमुळती पेटी घ्यावी, गाडी सावकाश हाकावी, आणि सहल संपली की पेटी उतरवून ठेवावी. नुसती शोभेला वर्षभर टपावर ठेवली तर रोज पेट्रोल पिते, शिवाय उन्हाने लवकर म्हातारी होते. उतरवताना दोन माणसे लागतात. आमच्या वयाच्या मंडळींनी खालून "इकडे, तिकडे" एवढेच करावे.

सामान भरणे ही तर कलाच. मुंबईला जाताना विमानाच्या बॅगा तोलायला घेतलेला आकड्याचा काटा आपल्या प्रत्येकाच्या घरी आहेच. तो नातवंडांच्या हाती दिला. मुलांनी एकेक नग तोलून वहीत लिहिला. कपड्यांच्या चार पिशव्या २४ किलो, पांघरुणे ९, समुद्रावरची छत्री आणि चटया ५, सौ.ची पातेली आणि डबे १२, वॉकर ७. बेरीज ५७. आपल्याला परवानगी ५० ची!

तिथे सौ. पुढे आली. म्हणाली, "अहो, जड ते खाली आणि हलके ते वर, एवढं तर फडताळ लावताना पण करतात." तिचे बरोबर होते. वर वजन वाढले की गाडीचा तोल वर सरकतो, वळणावर ती जास्त कलते आणि ब्रेकलाही वेळ लागतो. म्हणून पातेली खाली, तिसऱ्या रांगेच्या मागच्या फटीत घट्ट बसवली. वॉकरही तिथेच उभा केला, कारण तो प्रत्येक थांब्यावर लागणार. टपावर राहिले ३८ किलो. पेटीतही जड पिशव्या मध्यभागी, दोन दांड्यांच्या दरम्यान, आणि पांघरुणे पुढे-मागे. सगळे आतल्या पट्ट्यांनी बांधले, म्हणजे ब्रेक लागला की सामान पुढे धावत नाही.

आणि काय ठेवू नये ते नीट वाचा. उन्हात पेटी आतून फार तापते. औषधे, विशेषतः इन्सुलिन, कधीही टपावर ठेवू नये. ते आपल्याजवळ, थंड पिशवीत. गॅसची डबी, लायटर, फवाऱ्याचे डबे, बॅटऱ्या, कागदपत्रे, दागिने, यातले काहीच वर नको. चॉकलेटही नको, असे मोठा नातू स्वतःच्या अनुभवावरून कळवतो.

एक फजितीही सांगतो. निघण्याच्या आदल्या दिवशी पेटी लावलेली गाडी घेऊन थोरला आणि आम्ही एका दुकानाला गेलो. गाड्या ठेवायची जागा तळघरात. दाराशी टांगलेल्या दांडीवर २.१० मीटर लिहिलेले. आम्ही पुढच्या सीटवर बसून गप्पा मारत होतो. आमच्या बापजन्मात कधी गाडीची उंची मोजली नव्हती! थोरल्याने शेवटच्या क्षणी ब्रेक मारला. दांडी आणि पेटीमध्ये वीतभर अंतर राहिले असेल. मागे चार गाड्यांचे भोंगे सुरू. सगळ्यांची माफी मागत उलटे बाहेर आलो. घरी येऊन मोजले. गाडी, दांड्या आणि पेटी मिळून २.२४ मीटर. हा आकडा नातवाने मोठ्या अक्षरांत लिहून चालकाच्या समोर चिकटवला आहे. तुम्हीही चिकटवा. आपोआप गाडी धुणाऱ्या यंत्रातही पेटीसकट जाऊ नये.

निघालो. पहिल्या अर्ध्या तासाने गाडी बाजूला घेऊन दांड्यांचे आणि पेटीचे सगळे स्क्रू हाताने तपासले. एक किंचित सैल झाला होता, तो आवळला. सुरुवातीला थोडे अंतर गेल्यावर एकदा आणि मग अधूनमधून असे पाहावेच. डिमोनाकडून अरावात उतरताना रस्ता समुद्रसपाटीच्याही खाली जातो. थोरला वळणांवर वेग कमी ठेवत होता. खाली सपाटीवर आडवा वारा लागला तेव्हा गाडी जरा डुलली, पेटीने हलका सूर धरला. वाटेत रस्त्याच्या मधोमध एक गादी पडलेली दिसली. कोणाच्या तरी टपावरून सुटलेली. पुढे ते कुटुंब कडेला गाडी उभी करून दोऱ्या सोडवत होते, बरोबर लहान मुले. सुदैवाने कोणाला लागले नव्हते. आम्ही काही बोललो नाही. आम्ही सुचवलेला सुंभ आम्हाला आठवत होता.

सौ. मधल्या रांगेत खिडकीशी बसली होती. तिच्या बाजूला धाकटी, मांडीवर चिवड्याचा डबा. एलातचा समुद्र दिसला तेव्हा धाकटी म्हणाली, "आजी, बघ!" सौ. बघत होती. मग आमच्याकडे वळून हळूच म्हणाली, "आणि तुम्ही म्हणत होता घरी राहू." आम्ही काय बोलणार? पेटीचे पैसे तिथेच फिटले.

वाचकहो, आमची नम्र सूचना एवढीच. मुले "चला" म्हणतात तेव्हा आपण लगेच "आम्ही राहतो" म्हणू नये. आणि मुलांनो, आजी-आजोबा "आम्ही राहतो" म्हणतील तेव्हा ते खरे मानू नका. सामानाला टप आहे.

बाळगोपाळांसाठी हिशोब

एका गाडीच्या टपाला १०० किलो वजन चालते. दांड्या ७ किलोच्या, रिकामी पेटी २३ किलोची. पेटीवर लिहिले आहे, "आत जास्तीत जास्त ५० किलो". प्रत्येक पिशवी ८ किलोची. पेटीत किती पिशव्या ठेवाल? आधी स्वतः करा, मग खाली पाहा. आजोबांनाही विचारा, तेही चुकतील!

उत्तर: १०० मधून ७ आणि २३ वजा केले की ७० उरतात, म्हणून ८ पिशव्या असे वाटते. पण पेटीची मर्यादा ५० आहे, ती आधी संपते. म्हणून ६ पिशव्या, म्हणजे ४८ किलो. उरलेल्या खाली, आजीच्या पातेल्यांशेजारी.